हायब्रिडच्या बॅटरीचं एकच मॉड्यूल बदलावं की अख्खा पॅक?

यवतेश्वरचा घाट चढताना आमच्या जुन्या हायब्रिडचे (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या गाडीचे) डॅशबोर्डवरचे चार्जचे दांडे भराभर उतरायचे आणि उतारावर तितक्याच झपाट्यानं भरायचे. बॅटरीची क्षमता घटल्याची ही खूण.

अशा जुन्या हायब्रिडच्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी पॅकमध्ये मॉड्यूल, म्हणजे बॅटरीचे छोटे भाग, एकामागे एक जोडलेली असतात. टोयोटाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये २८, प्रत्येकी ७.२ व्होल्टची. एक बसलं की सगळ्या पॅकला त्याच्याच चालीनं चालावं लागतं. तेवढंच बदलणं स्वस्तात पडतं खरं, पण बाकीची तितकीच म्हातारी असतात. आज एक, उद्या दुसरं मान टाकतं. तरी तेच करायचं असेल तर प्रत्येकाचा व्होल्टेज मेकॅनिककडून लोड देऊन, म्हणजे बॅटरीवर भार टाकून, मोजून घ्या. नुसत्या उभ्या गाडीवरचा आकडा फसवतो.

अख्खा पॅक महाग, पण रोज साताऱ्याहून पुण्याला ये-जा असेल तर मी तोच घेईन. वर्षभरात गाडी विकायची असेल तर मॉड्यूल पुरे.

काहीही ठरवण्याआधी मागच्या सीटजवळची, बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी बघा. आमच्या जाळीवर धुळीचा आणि केसांचा बोटभर थर होता, म्हणजे बॅटरी कित्येक उन्हाळे गुदमरत होती! जाळी साफ करणं घरी जमतं. पॅक मात्र स्वतः उघडू नका. आत दोनशे व्होल्ट असतात.