काउंटीवाली स्कीम की भाववाली?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या मका-सोयाबीनवाल्यांचा 2014 च्या फार्म बिलापासूनचा, म्हणजे तिथल्या शेती कायद्यापासूनचा घोळ, सरकारी मदतीसाठी एआरसी काउंटी (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा, ही काउंटीवाली) घ्यायची की पीएलसी (ही भाववाली). पीएलसी सरळ आहे, देशातला सरासरी भाव रेफरन्स प्राइसच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या भावाच्या खाली गेला (मक्याची कायद्यात बुशेलला, म्हणजे साधारण 25 किलोला, आधी 3.70 डॉलर, 2025 च्या पिकापासून 4.10) की फरक मिळतो, तुम्हाला उतारा किती पडला कुणी विचारत नाही. एआरसीत भाव आणि उतारा दोन्ही बघतात पण अख्ख्या काउंटीचा, आणि गोची तिथंच, गारपीट फक्त तुमच्या शेतात झाली नि बाकी काउंटी हिरवीगार तर बसा बोंबलत. आपल्याकडे पीकविम्यात महसूल मंडळाची सरासरी आडवी येते ना, सेम. पैसे दोन्हीत कापणीनंतर वर्षभरानं, ऑक्टोबरात. भावाचीच भीती असेल तर मी पीएलसी घेईन बाबा.