महाराष्ट्र शब्दकोश ऑनलाइन: एका खळ्यापायी हाती लागलेला खजिना

मी नगरकडची आणि सासर कणकवलीजवळ. लग्नानंतर पहिल्यांदा गावी गेले तर सासूबाई म्हणाल्या, "खळ्यात बसान चाय घे." मला कळेचना, कारण आमच्याकडे खळं म्हणजे मळणीची जागा, बैल गोल फिरतात ती, आणि इथे तर घरापुढच्या सारवलेल्या अंगणालाच खळं म्हणत होते.

तेव्हा दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडला, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर आहे, एकदम फुकट. 1932 ते 1938 मधे याचे सात खंड निघाले आणि 1950 ला पुरवणी, ते सगळं घरबसल्या मोबाइलवर मिळतं म्हणजे काय हो! खळ्याचे अर्थ वाचले, धान्य मळायची जागा आणि चंद्रसूर्याभोवती पडतं ते कडं सुद्धा. लहानपणी आजी "चंद्राला खळं पडलंय" म्हणायची ते वेगळं खळं असं मला वाटायचं, पण दोन्हीकडे मोकळं गोल रिंगणच की! आणि कोकणात भात घरापुढेच झोडतात मग त्या अंगणाला खळं म्हणणारच ना. तीन अर्थ एका धाग्यात आले तेव्हा अंगावर काटा आला खरंच.

मला सर्वात आवडतं ते म्हणजे अर्थापुढे कों., गो., व. अशा खुणा असतात, म्हणजे कोकणातला, गोव्याकडचा की वऱ्हाडी ते कळतं, आणि कित्येक शब्दांना ज्ञानेश्वरीतली ओवी अध्यायासकट दिलेली असते. म्हणजे तो शब्द सातशे वर्षांपूर्वी कुठल्या अर्थाने वापरला ते डोळ्यांनी दिसतं. राग हा शब्द घ्या, संस्कृतात रंग, प्रेम, ओढ, अनुरागात अजून तेच आहे आणि आपण मात्र चिडण्याला राग म्हणतो.

संक्षेप मात्र फार आहेत, सवय होईपर्यंत चार दिवस जड जातं. आणि बोलतो तसं खळं टाइप करू नका, जुन्या पद्धतीने खळें करा, शेवटी मात्रा आणि अनुस्वार, नाहीतर शब्द नाही असं समजून परत जाल. नवे शब्द यात मिळणार नाहीत, नव्वद वर्षं झाली त्याला. इंग्रजीत अर्थ हवा असेल तर त्याच साइटवर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, 1857 ची आवृत्ती, मी दोन्ही शेजारी उघडून ठेवते.

माझ्याकडून पाचपैकी पाच. सासूबाईंचे आणखी वीसेक शब्द वहीत लिहून ठेवलेत, गणपतीला गेले की त्यांच्याशेजारी बसून एकेक शोधणार आहे.