नाशिकच्या इंटरनॅशनल शाळेत लेकीची तीन वर्षं: सहावी ते आठवीचे मुख्य विषय, एका बापाच्या नजरेतून

नाशिकच्या अंबडला माझं छोटं टूलरूम, म्हणजे कारखान्यांना लागणारी साधनं बनवायचं वर्कशॉप आहे. प्रेस टूल, जिग, फिक्स्चर अशी कामं करतो. मुलगी पाचवीपर्यंत घराजवळच्या सेमी-इंग्रजी शाळेत होती. सहावीला तिला इंटरनॅशनल शाळेत घातलं. आता आठवी संपत आली आहे. ओळखीचे लोक सारखे विचारतात, "शाळा कशी आहे? फी वसूल होते का?" दर वेळी फोनवर अर्धा तास जातो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. शाळेचं नाव देत नाही, कारण मुलगी अजून तिथेच शिकते आणि तक्रारीही लिहिणार आहे.

आधी एक गोष्ट. आपल्याकडे "इंटरनॅशनल" पाटी असलेल्या सगळ्या शाळांत एकच अभ्यासक्रम नसतो. कुठे केंब्रिज असतो, कुठे आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट), तर कुठे नाव इंटरनॅशनल आणि आत सीबीएसई. केंब्रिजमध्ये या वयाला इंग्रजी, गणित आणि विज्ञान यांवर मुख्य भर असतो आणि शेवटी चेकपॉइंट नावाची परीक्षा घेता येते. आमची शाळा आयबीची. तिथल्या या टप्प्याला एमवायपी (मिडल इयर्स प्रोग्रॅम) म्हणतात, ११ ते १६ वयाच्या मुलांसाठी. त्यात विषयांचे आठ गट आहेत: भाषा आणि साहित्य, दुसरी भाषा, समाजशास्त्र, विज्ञान, गणित, कला, शारीरिक शिक्षण आणि डिझाइन. प्रत्येक गटाला वर्षाला किमान ५० तास द्यावे लागतात. प्रवेश घेताना हे मला कोणी नीट सांगितलं नव्हतं. माहितीपत्रकात स्विमिंग पूलचे फोटो होते, वेळापत्रक नव्हतं. तुम्ही जाल तेव्हा पूल नंतर बघा, आधी आठवड्याचं वेळापत्रक मागा.

सगळ्यात आधी विज्ञानाबद्दल लिहितो, कारण माझं मत बदललं ते या विषयामुळे.

सातवीत तिला स्वतःचा प्रयोग स्वतः आखायचा होता. प्रयोग दिलेला नाही, कृती दिलेली नाही, फक्त विषय दिला: पेशीच्या पडद्यातून पाणी आत-बाहेर कसं जातं. निफाडला माझ्या मेहुण्याची द्राक्षबाग आहे, त्यामुळे आमच्या घरी बेदाण्यांचा डबा कायम भरलेला असतो. तिनं ठरवलं की बेदाणे वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात अर्धा तास भिजवायचे आणि वजन किती वाढतं ते बघायचं. दर वेळी दहा बेदाणे, तेवढंच पाणी, तेवढाच वेळ; बदलायचं फक्त तापमान. हे तिनं कागदावर आधी लिहून काढलं. कुठली गोष्ट बदलणार, कुठली मोजणार, कुठल्या तशाच ठेवणार, सगळं.

पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातला काटा घेतला. दहा बेदाण्यांचं वजन पाच ग्रॅम. भिजवल्यावर सहा. दुसऱ्या तापमानालाही सहा. तिसऱ्यालाही सहा. रडकुंडीला आली. "बाबा, काहीच फरक पडत नाही," म्हणाली. मी तिला कामावरचा व्हर्नियर दाखवला. त्याचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यानं मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिलिमीटर. मायक्रोमीटर ०.०१ मोजतो. विचारलं, "ज्या जॉबचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत पाहिजे तो मी फूटपट्टीनं मोजला तर?" तिच्या लगेच लक्षात आलं. सराफ बाजारात माझ्या मित्राचं दुकान आहे. त्याच्याकडून जुना डिजिटल काटा दोन दिवसांसाठी आणला, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. आकडे वेगळे यायला लागले.

तरी गडबड होतीच. बेदाण्यांना चिकटून आलेलं पाणी टिपायचं राहिलं होतं. पुन्हा केलं, कापडानं टिपून. आणि सगळ्यात गरम पाण्यातल्या बेदाण्यांचं वजन अपेक्षेइतकं वाढेना. नीट बघितलं तर काहींची सालं फुटली होती. मला वाटलं, ही आता तो आकडा गाळेल. गाळला नाही. आला तसा लिहिला आणि खाली लिहिलं की साल फुटल्यावर आतलं बाहेर आलं असणार, म्हणून या तापमानाचं वजन बाकीच्यांशी ताडून बघता येत नाही. मिसनी तिला त्या भागात आठपैकी सहा दिले आणि शेरा लिहिला की कारण पटतं, पण ते तपासायचं कसं हेही लिहायला हवं होतं.

मी राज्याच्या बोर्डातून शिकलो. आमच्या जर्नलमध्ये "निष्कर्ष" आधीच्या बॅचच्या वहीतून उतरवलेला असायचा. चुकलेलं रीडिंग खोडलं नाही म्हणून शाबासकी मिळते, हे मी शाळेत कधीच बघितलं नव्हतं. कामावर मात्र रोज बघतो. ज्या पोरानं चुकलेलं माप लपवलं, त्याचा जॉब ग्राहकाकडून परत येतो. फीचे पैसे ज्या दिवशी वसूल वाटले तो हा दिवस.

पण याच विषयाला सातवीत एकाच वर्षात दोन शिक्षिका बदलल्या. मधले पाच आठवडे दुसऱ्या विषयाचे सर वर्ग सांभाळत होते. ठराविक पाठ्यपुस्तक नसतं, शिक्षिकाच साहित्य तयार करतात, त्यामुळे शिक्षिका गेली की तिच्याबरोबर धडाही जातो. बोर्डाच्या शाळेत बाई रजेवर गेल्या तरी बालभारतीचं पुस्तक घरी असतं. इथे नसतं. प्रवेशाआधी जरूर विचारा की या वर्गाचे विज्ञान-गणिताचे शिक्षक किती वर्षांपासून आहेत.

गणिताबद्दल माझं मत दुभंगलेलं आहे. काड्यापेटीच्या काड्यांचे चौकोन जोडत जायचे: एकाला ४ काड्या, दोनला ७, तीनला १०. शंभर चौकोनांना किती? तिनं नियम काढला, तिप्पट अधिक एक. तिथे थांबायचं नाही. तो नियम का बरोबर आहे हे लिहायचं: पहिली एक काडी उभी, मग प्रत्येक चौकोनाला तीनच नव्या लागतात. हे "का" मला फार आवडलं. गणितात चार निकष असतात: येतं किती, नियम शोधता येतो का, नीट मांडता येतं का आणि रोजच्या व्यवहारात वापरता येतं का. चारही निकषांना आठ-आठ गुण.

दुसरी बाजू अशी की सराव फार कमी आहे. पाचवीत शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलेली माझी मुलगी सातवीत पंधरा टक्के काढायला कॅल्क्युलेटर शोधायला लागली. अपूर्णांकांची वजाबाकी करताना हात थांबायचा. शिक्षकांचं म्हणणं, संकल्पना पक्की आहे, वेग येईल. माझ्या अनुभवात वेग आपोआप येत नाही, हात बसावा लागतो. म्हणून गेल्या वर्षापासून रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं आम्ही दोघं बसतो. तीसपर्यंतचे पाढे, त्यानंतर माझ्या वडिलांनी मला शिकवलेली पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे. शिष्यवृत्तीची जुनी पुस्तकंही काढली. आता गाडी रुळावर आहे, पण ते काम घरानं केलं, शाळेनं नाही. ज्यांच्या घरी संध्याकाळी कोणी बसणारं नाही, त्यांनी याचा विचार करावा. क्लासही सहज सापडत नाही. कॉलेज रोडला गल्लोगल्ली क्लास आहेत, पण बहुतेक बोर्डाचे नाहीतर जेईई-नीटचे.

समाजशास्त्रात इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र एकत्र असतं. पहिल्या वर्षी मी चिडलो होतो. इंग्लंडमधल्या गिरण्या, युरोपातली युद्धं, आणि आपल्या गावाचं काहीच नाही. पालकसभेत उठून विचारलं. तेव्हा समन्वयक बाईंनी सांगितलं की आयबी कुठला इतिहास शिकवायचा ते ठरवून देत नाही, ते शाळा ठरवते. मग मी म्हटलं, "तर मग काळाराम मंदिर इथून किती लांब आहे?" हक्क आणि आंदोलनं असा धडा पुढच्या सत्रात होताच. सरांनी खरंच मनावर घेतलं, याचं मला अजून कौतुक वाटतं. मुलांना पंचवटीत नेलं. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दांडीयात्रेला अजून दहा दिवस होते. मुलांनी दोन्ही आंदोलनांची तुलना केली: मागणी कोणाकडे, अडवणारं कोण, यश कशाला म्हणायचं. शेवट येवल्यावर केला, बाबासाहेबांच्या १३ ऑक्टोबर १९३५ च्या धर्मांतराच्या घोषणेवर. येवला आमची सासुरवाडी. मुलगी तिथे लहानपणापासून जाते, पण त्या गावात काय घडलं हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

भूगोलात गोदावरी घेतली. ब्रह्मगिरीपासून समुद्रापर्यंत १,४६५ किलोमीटरचा नकाशा काढला आणि मग प्रश्न आला गंगापूर धरणाचं पाणी जायकवाडीला सोडण्याचा. मुलीला दोन्ही बाजू लिहायच्या होत्या. निफाडच्या मामाला फोन लावला. मामा तावातावानं बोलला, द्राक्षाचं, पाण्याच्या पाळ्यांचं. मग तिनं विचारलं, "मामा, पण पैठणच्या खालच्या शेतकऱ्याचं काय?" मामा गप्प झाला आणि मग बराच वेळ नीट बोलला. समन्यायी पाणीवाटप हा शब्द तिला पेपरातून आधी ऐकून माहीत होता, आता त्यामागची माणसं माहीत झाली.

इंग्रजी उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. जाहिरात कोणासाठी लिहिली, कोणता शब्द का वापरला, हे ती आता घरी वर्तमानपत्र वाचतानाही बोलते. कला आणि खेळ ठीक. डिझाइनबद्दल मात्र माझ्या धंद्यामुळे दोन शब्द जास्त. आजीला पोथी वाचताना मान दुखते म्हणून तिनं पोथी ठेवायचा लाकडी स्टँड केला. आधी आजीची मुलाखत, मग मापं, मग तीन वेगवेगळी ड्रॉइंगं, मग पुठ्ठ्याचा नमुना, मग लाकूड. शेवटी आजीला आठ दिवस वापरायला देऊन काय चुकलं ते लिहिलं. आमच्या लाइनीत ड्रॉइंगशिवाय मशीनला हात लावायचा नाही हे शिकवायला मला नव्या पोरांबरोबर वर्ष घालवावं लागतं.

आता मराठी. इथे मी मनापासून दुखावलो आहे.

२०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. आमच्या शाळेतही ती आहे, आठवड्याला दोन तासिका. पण दुसऱ्या भाषेच्या गटात मुलं फ्रेंच, स्पॅनिश किंवा हिंदी घेतात. मराठीचे गुण मुख्य निकालात नाहीत. मुलांना ते लगेच कळतं. ज्या विषयाचे गुण धरत नाहीत त्या तासाला वह्या उघडत नाहीत. सेमी-इंग्रजीत पाचवीपर्यंत सुंदर निबंध लिहिणारी माझी मुलगी सातवीच्या मध्यावर आजोबांना पत्र लिहिताना "पाणी"चं "पानी" लिहून बसली. बोलताना अडत नाही, लिहिताना अडते. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाला शाळेत फेटे, नऊवारी, लेझीम सगळं झालं. छान झालं. पण कुसुमाग्रजांच्या गावातल्या मुलांना त्यांची एक कविता स्वतः वाचून समजावी, एवढं तरी वर्षभरात व्हायला हवं.

आम्ही सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घेतलं. १८४० पासूनचं ग्रंथालय आपल्या गावात आहे. शनिवारी दुपारी जातो, ती तिची दोन पुस्तकं घेते, मी माझं एक. रविवारी ती आजोबांना एक पान लिहिते, वाचलेल्यावर. आजोबा लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून परत देतात. पहिल्या पानावर सतरा लाल खुणा होत्या. गेल्या रविवारी चार.

निकालाबद्दल घरात गोंधळ होतो, म्हणून सांगून ठेवतो. टक्के नसतात. प्रत्येक विषयात चार निकष, एकूण ३२ गुण, आणि त्यावरून १ ते ७ श्रेणी. २८ किंवा जास्त मिळाले की ७. माझी आई अजून विचारते, "म्हणजे किती टक्के?" आणि मुलगी दर वेळी शांतपणे निकष समजावून सांगते. मला हा निकाल जास्त प्रामाणिक वाटतो. मागच्या सत्रात विज्ञानात ज्ञानाला ७ आणि प्रयोगाच्या मूल्यमापनाला ५ होते. कुठे बसायचं ते लगेच कळलं. टक्क्यांनी ते कळलं नसतं.

खर्च: फी वर्षाला दोन लाखांच्या वर, बस वेगळी, लॅपटॉप वेगळा. बसमध्ये जाऊन-येऊन दीड तास जातो. माझ्यासारख्या छोट्या कारखानदाराला हे जड आहे. गेल्या दिवाळीनंतर ऑर्डरी कमी होत्या तेव्हा आम्ही नवरा-बायकोनं तिला परत बोर्डात घालायचा गंभीर विचार केला. बोर्डाचं करायचंच तर दहावीच्या आधी, नववीलाच बदलावं, असं सगळे म्हणत होते. बेदाण्यांची ती वही काढून बघितली आणि ठेवायचं ठरवलं.

पाच तारे देत नाही. विज्ञान, समाजशास्त्र आणि डिझाइनला पाच, इंग्रजीला पाच, गणिताला तीन, मराठीला एक. शिक्षक टिकवण्यालाही एकच.

मराठीसाठी आम्ही चौदा पालकांनी मिळून लेखी अर्ज दिला आहे: तासिका दोनऐवजी चार कराव्यात आणि दुसऱ्या भाषेच्या गटात मराठीचा पर्याय द्यावा, म्हणजे गुण निकालात येतील. समन्वयक बाईंनी अर्ज घेतला, नाही म्हणाल्या नाहीत. जूनमध्ये नवं वेळापत्रक लागलं की मराठीसमोर किती तासिका आहेत ते इथेच लिहीन.