मास्कची गोलाई: बेझियर, रोटोबेझियर की बी-स्प्लाइन?

सांगलीत लग्नाचे व्हिडिओ आणि दुकानांच्या जाहिराती करणाऱ्याला मास्क, म्हणजे चित्रातला हवा तो भाग वेगळा काढणारी बंद रेषा, बहुधा दोन कारणांसाठी काढावा लागतो: एक तर स्थिर वस्तू वेगळी काढायची असते, नाहीतर हलणारा माणूस. मास्कसाठी कोणत्या प्रकारची रेषा वापरायची हे त्यावरूनच ठरवावे.

आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या साध्या बेझियर मास्कमध्ये प्रत्येक वळणबिंदूला दोन हँडल, म्हणजे ओढता येणाऱ्या छोट्या दांड्या, असतात आणि वळणाची दिशा व लांबी आपल्या हातात राहते. आयर्विन पुलाचा खांब सरळ वर जाऊन कमानीपाशी वळतो. सरळ कड आणि वळण असे एकाच आकारात आले की बेझियरच घ्यावा. बिंदू मात्र मोजकेच हवेत. हँडलची लांबी त्रिज्येच्या सुमारे ०.५५ पट ठेवली तर अख्खे वर्तुळ चार बिंदूंत, डोळ्यांना फरक कळणार नाही इतके नेमके उतरते. कमानीवर दहा बिंदू घातले की तिला टेंगळे येतात.

वरातीत मान वळवणाऱ्या नवरदेवाचा फेटा हे वेगळे प्रकरण आहे. मी तो एकदा बेझियरने काढला आणि प्रत्येक कीफ्रेमला (जिथे आकार हाताने ठरवून दिला त्या फ्रेमला) हँडल सरळ करण्यात एक अख्खी संध्याकाळ घालवली. रोटोबेझियरमध्ये, ज्याची टिक करायची चौकट पेन टूल घेतल्यावर वरच्या पट्टीत दिसते, हँडल नसतातच. बिंदू सरकवला की गोलाई सॉफ्टवेअर स्वतः काढते, आणि एखाद्या बिंदूपाशी वळण कमी-जास्त करायचे असल्यास अल्ट दाबून तो बिंदू डावी-उजवीकडे ओढावा लागतो. तुऱ्याच्या चुण्यांना मात्र स्वतंत्र मास्क द्यावा. रोटोबेझियरचा बेझियर केल्यास आकार तसाच राहतो, पण उलट केल्यास तो बदलू शकतो. म्हणून निर्णय होत नसेल तर सुरुवात रोटोबेझियरने करणे सोयीचे.

आफ्टर इफेक्ट्सची दरमहा वर्गणी भरायची नसेल, तर दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीतही फ्यूजन हा इफेक्ट्सचा विभाग मिळतो. त्यातील बी-स्प्लाइन या रेषेचे बिंदू रेषेवर नसून तिच्या बाहेर असतात, त्यामुळे कड जुळवायला सुरुवातीला चुकल्यासारखे होते, पण गालाची किंवा खांद्याची रेषा तिच्याइतकी मऊ दुसऱ्या कशाने येत नाही. डब्ल्यू दाबून बिंदू डावी-उजवीकडे ओढला की रेषा त्याच्याकडे किती खेचली जाते ते कमी-जास्त होते. तीक्ष्ण कोपऱ्यांसाठी मात्र तिच्या वाटेला जाऊ नये.

आफ्टर इफेक्ट्समध्ये मूळ सेटिंग असताना एका कीफ्रेमवर पुसलेला बिंदू सगळ्या कीफ्रेमवरून जातो, त्यामुळे फेट्याचा आकार जिथे सर्वांत गुंतागुंतीचा दिसतो त्या फ्रेमवरच पहिला मास्क काढावा.