अर्धवट बांधलेली किट कार घेताना माझे ७,२०० पौंड कसे गेले

डिसेंबर २०१९ मध्ये मी इंग्लंडात एक अर्धवट बांधलेली किट कार, म्हणजे सुटे भाग घेऊन घरी जोडायची गाडी, ७,२०० पौंडांना घेतली. ज्या रूपात घेतली त्या रूपात ती रस्त्यावर कधीच आली नाही. चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) कोणी बनवली, इंजिन कोणत्या गाडीचं आणि ती मूळ गाडी कुठे गेली, या तिन्ही गोष्टी विकणाऱ्याने मला खोट्या सांगितल्या होत्या. तिन्ही मला पैसे देण्याआधी तपासता आल्या असत्या. त्यातली एक तर फुकटात, दोन मिनिटांत. मागच्या आठवड्यात लेस्टरमधल्या एका ओळखीच्या मुलाने अशाच एका गाडीचा फोटो पाठवून "दादा, घेऊ का?" असं विचारलं. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात आबांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं, शाळा सुटली की मी तिथेच असायचो. नोकरीनिमित्त डर्बीला आलो आणि एका रविवारी रस्त्यावर 'सेव्हन' पाहिली. बिनदाराची, बिनछपराची, वजनाला सहाशे किलोच्या आसपास, पुढची चाकं उघडी. कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ही गाडी आणली. सुट्या भागांत घेऊन घरी जोडली तर त्या काळचा खरेदी कर लागत नसे, म्हणून लोक ती गॅरेजमध्ये बांधू लागले. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले, आणि त्याच धाटणीच्या गाड्यांचे किट बनवणारे कितीतरी छोटे कारखाने या देशात उभे राहिले. काही अजून चालतात, बरेच बंद पडले. आपल्या हाताने गाडी बांधायची आणि तिला सरकारी नंबर लावून रस्त्यावर न्यायची, याला इथे कायद्याने वाट आहे हे कळलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

ती वाट थोडक्यात सांगतो, कारण फसवणूक नेमकी तिच्याच आधाराने झाली. घरी बांधलेल्या गाडीला आधी आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीला स्वतंत्र मंजुरी देणारी तपासणी, पास व्हावी लागते. २००९ पासून साध्या मोटारींना ही पद्धत लागू आहे, त्याआधी एसव्हीए होती. डीव्हीएसए या वाहन तपासणीच्या सरकारी खात्याचा निरीक्षक गाडी तासन्‌तास तपासतो. पास झाली की प्रमाणपत्र मिळतं आणि ते जोडून डीव्हीएलए या वाहन नोंदणीच्या सरकारी खात्याकडे अर्ज करायचा. आता नंबर कोणता मिळणार हे गाडीत काय बसवलंय यावर ठरतं. सगळे भाग नवे असतील तर चालू वर्षाचा नंबर. किट बनवणाऱ्या कारखान्याची नवी चासी आणि एकाच जुन्या गाडीचे किमान दोन मुख्य भाग, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, ॲक्सल, स्टिअरिंग यांपैकी, असतील आणि पुरावा असेल तर त्या जुन्या गाडीच्या वयाचा नंबर. त्या जुन्या गाडीला इथे डोनर म्हणतात. पुरावा नसेल तर 'क्यू' अक्षराने सुरू होणारा नंबर. हा 'क्यू' बेकायदा नाही, पण त्याचा अर्थ पाहणाऱ्या प्रत्येकाला कळतो: या गाडीचं मूळ नक्की सांगता येत नाही. विमा द्यायला कंपन्या कमी मिळतात आणि विकताना किंमत पडते.

मला भेटलेल्या माणसाला हे सगळं माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. जाहिरातीत लिहिलं होतं: बंद पडलेल्या एका कारखान्याची मूळ चासी, १९९९ ची माझदा एमएक्स-५ डोनर, १.८ लिटर इंजिन, काम नव्वद टक्के पूर्ण, फक्त आयव्हीए बाकी. पीटरबरोच्या पलीकडे एका औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात गाडी होती. मी संध्याकाळी साडेचारला पोहोचलो. डिसेंबरात इथे त्या वेळी अंधार झालेला असतो. गाळ्यात एकच ट्यूब होती. चासीला ताजं काळं पावडर कोटिंग (भाजून चढवलेला रंग), ॲल्युमिनियमचे पत्रे चकचकीत. त्याने मला चहा दिला, मणक्याचं ऑपरेशन झाल्यामुळे आता खाली वाकता येत नाही म्हणून विकतोय असं सांगितलं, आणि फोनवर ४१ फोटो दाखवले: रिकाम्या चासीपासून इंजिन बसेपर्यंतचे. कारखान्याची पावती दाखवली. डोनरचं लॉगबुक, म्हणजे इथलं आरसी बुक, जुन्या घरी राहिलंय, पोस्टाने पाठवतो म्हणाला आणि तोवर त्याचा फोटो पाठवला. डोनर गाडी आपण २०१६ मध्येच खोलली, उरलेला सांगाडा भंगारात दिला, असंही सांगितलं. दुसरा एक गिऱ्हाईक शनिवारी येणार होता म्हणे. मी तिथेच उभा राहून बँकेतून पैसे पाठवले. खात्यावरचं नाव त्याने सांगितलेल्या नावाशी जुळत नव्हतं. बायकोचं खातं आहे म्हणाला, आणि मी ते मानलं.

लॉगबुक आलं नाही. जानेवारीत दोनदा विचारलं, दोन्ही वेळा 'शोधतोय' असं उत्तर. मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं आणि त्याचा फोन लागेनासा झाला. मला वाटलं, आजारी माणूस आहे, अडकला असेल. खरं सांगतो, मला त्याची काळजी वाटली होती.

पुढचं दीड वर्ष मी त्या गाडीवर काम केलं. आयव्हीएच्या नियमांत एकेक कडा मोजली जाते. बाहेरून अंगाला लागू शकेल अशा प्रत्येक कडेला किमान अडीच मिलिमीटरची गोलाई हवी. बोल्टची टोकं झाकलेली हवीत. ब्रेकचे पाइप आणि वायरी ठरावीक अंतरावर क्लिपांनी धरलेल्या हव्यात. स्टिअरिंग वळवून सोडलं की आपोआप सरळ यायला हवं. सायलेन्सरपासून अर्ध्या मीटरवर आवाज ९९ डेसिबलच्या वर जाता कामा नये. हे काम मला मनापासून आवडलं. रोज रात्री मुलगी झोपली की दोन तास गॅरेजमध्ये.

जून २०२१ मध्ये सीटबेल्ट बसवायला घेतले. त्यांचे बोल्ट चासीला वेल्ड केलेल्या आटेदार बुशात जातात. टॉर्क पाना लावला, दाब वाढवला आणि डावीकडचं बुश जागेवर फिरलं. पावडर कोटिंग खरवडलं तर वेल्डिंगच्या कडेने केसाएवढी भेग. मी आबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी फोन जवळ न्यायला सांगितला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हे नुसतं वर बसलंय, आत गेलंच नाही. कुणाकडनं केलंस हे?" मी म्हटलं, कारखान्याची चासी आहे आबा. ते म्हणाले, "कारखान्यातला माणूस असं करत नाही. दुसरे सांधे खरवड." खरवडले. सहा तपासले, चार तसेच निघाले.

अपघातात माणसाला सीटवर धरून ठेवणारा जो सांधा, तोच मुळात जोडलेला नव्हता. पैसे गेल्याचं दुःख नंतर आलं. त्या रात्री मला एवढंच दिसत होतं की शेजारच्या सीटवर माझी मुलगी बसणार होती.

मग एकेक गोष्ट उलगडली. बंद पडलेल्या त्या कारखान्याचे साचे आणि दफ्तर नंतर दुसऱ्या एका माणसाने घेतलं होतं. त्याला चासीवरचा नंबर कळवला. दोन दिवसांत उत्तर आलं: आमच्या नोंदीत असा नंबर नाही, पावतीवरचा पत्ताही त्या वर्षीचा नाही. त्याने सोबत अस्सल चासीचा फोटो पाठवला. इंजिनच्या खोलीत एक तिरकी नळी असते, अस्सल चासीत ती उजवीकडून डावीकडे उतरते. मला दाखवलेल्या ४१ फोटोंतही ती तशीच होती. माझ्या गाडीत ती उलटी होती. म्हणजे ते फोटो माझ्या गाडीचे नव्हतेच.

त्यानंतर इंजिन. ब्लॉकवरचं ग्रीस पुसून नंबर वाचला तर सुरुवात 'बी६' ने. एमएक्स-५ मध्ये १.६ लिटरचं इंजिन ते बी६, आणि १.८ लिटरचं, १८३९ सीसीचं, ते बीपी. लॉगबुकच्या फोटोत १८३९ सीसी छापलेलं होतं आणि इंजिन नंबरही वेगळा होता. दीड वर्ष मी त्या ब्लॉकवर वाकून काम करत होतो आणि एकदाही तो नंबर ताडून पाहिला नव्हता.

शेवटी मी लॉगबुकवरचा गाडीचा नंबर सरकारी संकेतस्थळावर एमओटीच्या, म्हणजे इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीच्या, इतिहासात टाकला. कोणत्याही गाडीचा नुसता नंबर टाकला की तिच्या वार्षिक तपासण्या, तारखा आणि मैल दिसतात. पैसे पडत नाहीत, नाव विचारत नाहीत. २०१६ मध्ये खोलून भंगारात दिलेली ती माझदा सप्टेंबर २०१९ मध्ये तपासणी पास झालेली होती. २०२० मध्येही. मैल दरवर्षी वाढत होते. कुणाचीतरी चालती-फिरती गाडी होती ती, आणि त्या कुणाला आपल्या लॉगबुकचा फोटो कुठे फिरतोय याचा पत्ताही नसेल.

अर्धवट गाडी घेणार असाल तर हे एवढं तरी पैसे देण्याआधी करा. विकणारा डोनरचा नंबर द्यायला कां-कूं करत असेल तर तिथूनच परत फिरा. लॉगबुक मूळ हातात घ्या, फोटोवर विश्वास ठेवू नका. इंजिन नंबर स्वतःच्या हाताने चिंधीने पुसून वाचा आणि लॉगबुकशी जुळवा. चासीचा नंबर कारखान्याला, किंवा त्याचं दफ्तर ज्याच्याकडे असेल त्याला, कळवून खात्री करा. बांधणीचे फोटो मूळ फाइलीसकट मागा आणि त्यातली चासी समोरच्या चासीशी नळी-नळीने ताडून बघा. घरी बांधलेल्या गाडीच्या आयव्हीएला तशीही बांधणीची छायाचित्रं आणि पावत्या दाखवाव्या लागतात, त्यामुळे खरा माणूस ती जपून ठेवतोच. आणि ताजं कोटिंग दिसलं तर सीटबेल्टच्या आणि सस्पेन्शनच्या सांध्यांवरचं थोडं खरवडून बघू का, असं सरळ विचारा. दिवसाउजेडी जा.

पैसे परत मिळवायचा प्रयत्न केला. बँक म्हणाली, तुम्ही वस्तू पाहून घेतली, ताब्यात घेतली, हा दिवाणी वाद आहे. दिवाणी दावा लावायला हरकत नव्हती, इंग्लंड-वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचे दावे वकिलाविना लावता येतात. पण दाव्याला नाव आणि पत्ता लागतो. गाळा महिन्याच्या भाड्याने घेतलेला, नाव खोटं. फसवणुकीच्या राष्ट्रीय नोंदणी केंद्रात तक्रार केली, इंजिनचा नंबरही दिला, तक्रारीचा क्रमांक मिळाला. त्यापुढे काही आलं नाही. खासगी माणसाकडून घेतलेल्या वस्तूला दुकानदारावर चालणारा ग्राहक कायदाही लागू होत नाही. आता सुटे भाग घेताना मी शक्यतो क्रेडिट कार्डाने, चालू धंद्याकडूनच घेतो. १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंतच्या वस्तूला १९७४ च्या ग्राहक-कर्ज कायद्याच्या ७५ व्या कलमाखाली कार्ड कंपनीवरही जबाबदारी येते.

गावाकडचे मित्र विचारतात, असं आपल्याकडे करता येईल का. आपल्याकडे एकट्या माणसाने घरी बांधलेल्या गाडीसाठी आयव्हीएसारखी वाट नाही. नव्या नमुन्याची गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेकडून मंजूर करून घ्यावी लागते आणि ती व्यवस्था कारखानदारांसाठी आहे. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली होती. आनंद महिंद्रांनी डिसेंबर २०२१ मध्ये तिचं कौतुक करतानाच सांगितलं की ती नियमांत बसत नाही, आणि तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो देऊ केली. तेव्हा 'आमच्याकडे आरटीओत सेटिंग आहे, जुन्या गाडीच्या आरसी बुकावर किट कार पास करून देतो' असं कुणी म्हणालं तर तो तुम्हाला दुसऱ्याच गाडीचे कागद विकतोय.

मी ती चासी चार तुकड्यांत कापली, पुन्हा कुणाला विकली जाऊ नये म्हणून. नवी चासी एका चालू कारखान्याकडून घेतली, पावतीसकट, नंबर खात्री करून. इंजिन, गिअरबॉक्स तेच ठेवले. २०२३ मध्ये आयव्हीएला गेलो, शुल्क ४५० पौंड. पहिल्यांदा नापास: स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवत होता आणि एका नटावर टोपी बसवायची राहिली होती. निरीक्षकाने दोन्ही गोष्टी शांतपणे समजावून सांगितल्या. ९० पौंड भरून फेरतपासणी, पास. डोनरचा पुरावा नसल्यामुळे नंबर 'क्यू' मिळाला. आबांना फोटो पाठवला, त्यांनी आधी सीटबेल्टच्या सांध्याचा जवळून फोटो मागितला.

आणि त्या मुलाने मागच्या आठवड्यात पाठवलेला फोटो. गाडी लाल होती, गाळा वेगळा, गाव वेगळं. मी त्याला म्हटलं, बांधणीचे फोटो माग. त्याने मागितले, आले. ४१ होते. तिरकी नळी उजवीकडून डावीकडे उतरत होती. मग त्याला समोरच्या गाडीच्या इंजिनच्या खोलीचा ताजा फोटो मागायला सांगितला. तो आला नाही, आणि दुसऱ्या दिवशी जाहिरात गायब झाली.