अ‍ॅडमिशनआधी विचारा: माझं नाव कोणत्या कौन्सिलच्या रजिस्टरला लागणार?

बारावीनंतर नर्सिंगला जावं की पॅरामेडिकलला, या विचारात असलेल्या मुलीला कुणी म्हणालं की 'आमच्याकडे एका वर्षात दोन्ही होतं', तर तिथून सरळ उठून यावं. माझं एक वर्ष आणि अप्पांचे 85,000 रुपये याच एका वाक्यात गेले. आता पुन्हा निकालाचे दिवस आलेत आणि असे फोन परत सुरू झालेत, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आमचं गाव कंधार तालुक्यात. बारावी सायन्स मी लातूरला केली. नीटचे मार्क एमबीबीएसच्या जवळपासही नव्हते. घरच्यांचं म्हणणं नर्सिंग कर. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग ही पदवी चार वर्षांची, पण कायमचं काम. मला मात्र अ‍ॅम्ब्युलन्सची ओढ होती. लातूर रोडवर माझ्या चुलतभावाचा अपघात झाला तेव्हा 108 ची गाडी आली आणि त्या गाडीतल्या माणसानं वाटेतच रक्त थांबवलं, ऑक्सिजन लावला. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. असंच काम करायचं, हे मनात घट्ट बसलं होतं.

नेमक्या त्याच आठवड्यात फोन आला. बोलणाऱ्या 'सरां'ना माझं नाव, गाव, बारावीचे टक्के सगळं माहीत. ही माहिती त्यांच्याकडे कशी गेली हे मला आजही कळलेलं नाही, पण अनोळखी माणसाला आपले मार्क माहीत असले की तो सरकारी माणूसच वाटतो. ते म्हणाले, "बेटा, जीएनएमला तीन वर्षं कशाला घालवतेस? आमचा नर्सिंग कम पॅरामेडिकल डिप्लोमा एका वर्षाचा आहे. दिल्लीच्या कौन्सिलची मान्यता आहे. हॉस्पिटलला पण चालतो, 108 ला पण चालतो. नोकरी आम्ही लावून देतो."

अप्पा सोबत आले होते. ऑफिसात भिंतीवर आयएसओचं सर्टिफिकेट, पांढऱ्या कोटातल्या मुलींचे फोटो, काचेच्या कपाटात एक प्लॅस्टिकचा सांगाडा. अप्पांनी विचारलं, "सर, पोरीला पुढं सरकारी दवाखान्यात लागता येतंय ना?" सर म्हणाले, "शंभर टक्के, काका." सोयाबीनची पट्टी आणि मायचे कानातले गहाण ठेवून पैसे भरले. पावती मिळाली ती एका ट्रस्टच्या नावाची आणि तीवर लिहिलेलं 'देणगी'. फीचा उल्लेख कुठेच नाही. टीसी, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, सगळं ओरिजिनल 'व्हेरिफिकेशन'साठी ठेवून घेतलं.

शिकवणं काय होतं ते सांगते, कारण यावरूनही ओळखता येतं. दोन खोल्या, एक बीपीचं मशीन, झेरॉक्स नोट्स. महिन्याभरातच 'प्रॅक्टिकल' म्हणून आम्हाला एका खासगी दवाखान्यात पाठवलं. नाईट ड्युटी, ड्रेसिंग, सलाईन बदलणं, बेडपॅन, सगळं आम्हीच करायचो, आणि स्टायपेंडचं नाव काढलं की 'तुम्ही शिकताय' असं उत्तर. कुठलीही नोंदणी नसलेल्या, अठरा वर्षांच्या मुलींच्या हातून रुग्णांना इंजेक्शनं दिली जात होती. त्या रुग्णांचा विचार आला की आजही माझा जीव थरथरतो. फसवणूक एकट्या आमची नव्हती, त्यांचीही होती.

परीक्षेला प्रश्न आदल्या दिवशी सांगितले गेले. मार्कशीट आली तिच्यावर अशोकस्तंभासारखं चिन्ह आणि इंग्रजीत मोठ्ठं 'कौन्सिल'. खासगी संस्थेनं राजमुद्रा असं वापरणं 2005 च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे मला फार नंतर समजलं.

खरी गोष्ट उघडी पाडली ती आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरबाईंनी. मी पेढे घेऊन गेले. त्यांनी मार्कशीट हातात घेतली, मागूनपुढून पाहिली आणि विचारलं, "बाळा, रजिस्ट्रेशन नंबर कुठाय?" मग स्वतःच्या पर्समधून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं कार्ड काढून दाखवलं. त्या एएनएम आहेत, नर्सिंगचाच दोन वर्षांचा छोटा कोर्स, तरी त्यांच्याकडे नंबर आहे. माझ्याकडे काहीच नाही. पुढे नांदेडच्या एका हॉस्पिटलमध्ये मुलाखतीला गेले तर तिथल्या मेट्रनबाईंनीही पहिला प्रश्न तोच विचारला आणि फाईल परत दिली. 'नोकरी लावून देतो' म्हणणाऱ्या सरांचा फोन तेव्हा बंद होता.

त्यानंतर मी एकेक गोष्ट विचारत गेले. महाराष्ट्रात एएनएम आणि जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. बीएस्सी नर्सिंगची पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते आणि प्रवेश राज्याच्या सीईटी सेलमार्फत, म्हणजे प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होतो. पास झाल्यावर नाव नोंदवतं ते महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल. जिल्हा परिषदेची आरोग्यसेविका असो, विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयातली अधिपरिचारिका असो की एम्सची भरती, नोंदणीशिवाय कुठेच दार उघडत नाही. एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग घरबसल्या, पत्राद्वारे किंवा ऑनलाईन होत नाही. तसं सांगणारा माणूस खोटं बोलतोय, एवढं लक्षात ठेवा.

पॅरामेडिकलचंही तसंच. त्या क्षेत्रात चांगलं काम आहे, मी त्याला नावं ठेवत नाहीये. लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस, या सगळ्याला माणसं लागतात, आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही पॅरामेडिकलची पदवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून करता येते. पण 2021 च्या केंद्रीय कायद्यात पॅरामेडिकसारख्या व्यावसायिकाच्या शिक्षणाची मर्यादा स्पष्ट आहे: किमान 2000 तास आणि तेही दोन ते चार वर्षांत विभागलेले. एका वर्षाचा डिप्लोमा त्यात बसतच नाही. आणि ज्या 108 साठी मी जीव टाकत होते, ती सेवा महाराष्ट्रात 2014 ला सुरू झाली तेव्हापासून गाडीत चालकासोबत डॉक्टर असतो, बहुतेक वेळा बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी) किंवा त्यासारखी पदवी घेतलेला. भावाचं रक्त थांबवणारा तो माणूस डॉक्टर होता. तुमचा डिप्लोमा कितीही रंगीत असला तरी 108 वर त्या जागी तुम्हाला बसवणार नाहीत. हे सरांना माहीत नव्हतं असं मला वाटत नाही.

आयएसओचं सर्टिफिकेट म्हणजे अभ्यासक्रमाला मान्यता नव्हे. ट्रस्टची नोंदणी म्हणजेही मान्यता नव्हे. 'दिल्लीची कौन्सिल' म्हणत असतील तर ती कोणत्या कायद्यानं स्थापन झाली ते विचारा. भारतीय नर्सिंग कौन्सिल 1947 च्या कायद्यानं स्थापन झाली, हे कुणीही लगेच सांगू शकतं. आणखी एक सोपी खूण आहे. स्कॉलरशिप मिळेल असं सांगत असतील तर त्यांच्यासमोरच मोबाईलवर महाडीबीटी हे सरकारी स्कॉलरशिपचं पोर्टल उघडा आणि संस्थेचं नाव, कोर्सचं नाव शोधा. आमच्या संस्थेचं नाव त्या यादीत नव्हतंच. 'यंदा पोर्टल बंद आहे' असं सांगून त्यांनी वर्ष काढलं.

पोलिसांत अर्ज दिला आहे. आधी आम्हाला 'हा दिवाणी वाद आहे' म्हणून परत पाठवलं. मग पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरची सगळी बोलणी आणि आमच्या बॅचच्या इतर मुलींचे अर्ज एकत्र जोडले, तेव्हा घेतला. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, आणि अर्जाची पोहोच शिक्क्यासह मागून घ्यायची. पैसे अजून मिळालेले नाहीत. त्या ऑफिसवरचा बोर्ड तेवढा बदललाय, आत तेच फोटो आणि तोच सांगाडा आहे.

मी आता जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रवेशाच्या वेळी ओरिजिनल कागदपत्रं त्या संस्थेकडे अडकली म्हणून तेही वर्ष जाईल की काय अशी भीती होती, आणि याच भीतीपायी आमच्यातल्या काही मुलींनी उरलेला हप्ताही भरला. तसं करू नका. टीसीची दुय्यम प्रत कॉलेज देतं. लातूर, नांदेड आणि धाराशिवच्या मुलींना दुय्यम गुणपत्रिका लातूरच्या विभागीय मंडळाकडून मिळते. परभणी, हिंगोली, बीड, जालना आणि संभाजीनगरच्या मुलींना छत्रपती संभाजीनगरच्या मंडळाकडून. आमच्यासारखी पावती, देणगीची का असेना, कुणाकडे असेल तर लाजेपोटी फाडून टाकू नका, ती अर्जाला जोडा. आणि प्रवेशाचा फॉर्म त्याच वर्षी भरा, तक्रारीचा निकाल लागण्याची वाट पाहत बसू नका.