ई-निविदा प्रणालीचं मूल्यमापन: कोणती पद्धत निवडावी?

ई-निविदेचं संकेतस्थळ सुरू झालं, म्हणजे प्रणाली राबवली गेली असं नव्हे. ती खरोखर किती वापरली जाते हे तपासायला मुख्यतः तीन पद्धती आहेत.

पहिली म्हणजे 'मॅप्स' ही देशाची सरकारी खरेदी-व्यवस्था तपासण्याची आंतरराष्ट्रीय चौकट. तिच्या २०१८च्या सुधारित आवृत्तीत १४ निर्देशक असून सातवा खरेदीच्या माहिती-व्यवस्थेबद्दल आहे. कायदा, यंत्रणेची क्षमता, तक्रार निवारण हे सगळं एकत्र तपासलं जातं. सरकारलाच सुधारणांचा आराखडा हवा असेल तर हीच घ्यावी. मात्र सरकारच्या सहकार्याशिवाय ती पुढे सरकत नाही.

दुसरी पद्धत व्यवहारांच्या नोंदी तपासण्याची, आणि माझा कल तिकडे आहे. एकच बोली आलेल्या निविदा किती? बोली भरायला प्रत्यक्षात किती दिवस मिळाले? शुद्धिपत्रकं शेवटच्या क्षणी निघतात का? बोली उघडल्यापासून कार्यादेशापर्यंत किती काळ गेला? युक्रेनमध्ये २०१६ पासून सक्तीच्या झालेल्या 'प्रोझोरो' या ई-खरेदी प्रणालीच्या नोंदी खुल्या आहेत, त्यामुळे असे प्रश्न बाहेरच्या माणसालाही विचारता येतात. अडचण एकच, पण मोठी: प्रणालीबाहेर झालेली खरेदी या नोंदींत दिसतच नाही. ई-निविदा सक्तीची होते त्या रकमेच्या मर्यादेखाली राहण्यासाठी कामाचे तुकडे पाडले, तर उरलेली आकडेवारी छानच दिसणार. म्हणून एकूण खरेदीचा आकडा अर्थसंकल्पातून आणि खर्चाच्या हिशेबातून घ्यावा, आणि प्रणालीतला वाटा निविदांच्या संख्येवर नव्हे तर रकमेवर काढावा.

तिसरी पद्धत पुरवठादारांशी बोलण्याची. नोंदणी करूनही बोली न भरणाऱ्यांना आवर्जून गाठा. अटी कुणासाठी बेतल्या होत्या, देयकं किती रखडतात, हे तेच सांगतील. फक्त अशा उत्तरांवरून देशादेशांची क्रमवारी लावू नये.

पद्धत कोणतीही असो, 'किती पैसे वाचले' हा एकमेव निकष ठेवू नका. भारत आणि इंडोनेशियातल्या सार्वजनिक बांधकामांवरच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ई-निविदेमुळे दर उतरल्याचा पुरावा मिळाला नाही. पण भारतात रस्त्यांचा दर्जा सुधारला आणि इंडोनेशियात कामांचा विलंब घटला. नुसती बचत मोजली असती, तर हा फायदा हिशेबातच आला नसता.

वेळ आणि माणसं कमी असतील तर नोंदींपासून सुरुवात करा आणि त्यांत खटकलेल्या खात्यांपुरत्याच मुलाखती घ्या. नोंदी एकगठ्ठा उतरवून घेता येत नसतील, तर अहवालात तीच त्रुटी सर्वांत वर लिहा.